यात्रेचे ओझे

तीर्थयात्रेस निघावे असे एकदा मनाने घेतले म्हणजे मनुष्य प्रथम देवाचा विचार करतो आणि दुसऱ्याच क्षणी पिशवीचा. काय घ्यावे, किती घ्यावे, वाटेत काय मिळेल, काय मिळणार नाही, ह्या प्रश्नांत त्याची रात्र निघून जाते. हे प्रश्न व्यवहाराचे आहेत, परमार्थाशी त्यांचा काय संबंध, असे पुष्कळांना वाटेल. मलाही तसेच वाटत होते. परंतु तीन वर्षांपूर्वी नर्मदातीराने पायी निघण्याची सिद्धता करताना माझी अशी खात्री झाली की, गीतेने भक्ताला जे सर्वांत मोठे आश्वासन दिले आहे, त्याचा कस पोथीपुढे बसून लागत नाही इतका गाठोडे बांधताना लागतो.

ज्या वाचकांना परिक्रमेची माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नर्मदा अमरकंटक येथे उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून भरूचच्या पुढे खंभातच्या आखातास मिळते. परिक्रमा करणारा तिला सतत उजव्या हाताला ठेवून चालतो. मुख्य प्रवाह मध्ये कोठेही ओलांडावयाचा नाही. सागरसंगमावर तेवढे नावेने पैलतीरास जावयाचे. यथाविधी परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात असे परंपरा सांगते, कारण चातुर्मासात एका स्थळी राहावयाचे असते. बरोबर नर्मदाजलाची लहानशी कुपी, दंड, कमंडलू, आसन आणि कांबळे, इतकाच परंपरेने सांगितलेला संभार. वाटेत आश्रम आहेत, धर्मशाळा आहेत, सदावर्ते आहेत. सदावर्तात शिधा मिळतो, तो आपण शिजवून घ्यावयाचा.

मी गृहस्थाश्रमी. संपूर्ण परिक्रमेचा संकल्प करण्याइतका काळ माझ्या स्वाधीन नव्हता. परंतु खंडाखंडाने चालणारेही पुष्कळ आहेत. लेखक आणि चित्रकार अमृतलाल वेगड ह्यांनी १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, अशाच रीतीने चालण्यास आरंभ केला होता. म्हणून ओंकारेश्वरापासून सागरसंगमापर्यंतचा दक्षिण तीर एवढाच खंड चालावयाचा असे मी योजिले. आयुष्यात एका वेळी सात-आठ किलोमीटरांहून अधिक मी कधी चाललो नव्हतो. लहानपणी पाठशाळेत आणि पुढे भाषांतराच्या मेजावर, असा माझा सारा काळ बैठकीत गेलेला आहे.

साहजिकच मी जी यादी केली ती बैठकीत जगलेल्या मनुष्याची यादी होती. धोतरे तीन, सदरे चार, स्वेटर, कांबळे, त्याखाली सतरंजी, पादत्राणांचे दोन जोड, औषधांचा डबा, चष्मा एक आणि तो फुटल्यास दुसरा, विजेरी, मोबाईल, त्यास वीज पुरविणारी बॅटरी, लहान स्टोव्ह, पीठ, डाळ, तांदूळ, गूळ, आणि गीतेची भाष्यासहित जाड प्रत. हे सारे पिशवीत भरून जवळच्या वाण्याच्या काट्यावर ठेवले तेव्हा ते सतरा किलो भरले. पाठीवर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि खाली बसलो.

मग एकेक वस्तू बाहेर काढू लागलो. गंमत अशी की, वस्तू हातात घेतली की तिच्यामागे दडलेले भय दिसे. चौथा सदरा म्हणजे लोकांनी मळक्या कपड्यांत पाहू नये हे भय. स्टोव्ह म्हणजे कोणापुढे हात पसरावा लागू नये हे भय. भाष्याची जाड प्रत तर, खरे सांगावयाचे म्हणजे, वाटेत भेटणाऱ्यांनी मला सामान्य यात्रेकरू समजू नये ह्यासाठी होती. ज्या भाष्यातील पुष्कळसा भाग मुखोद्गत आहे त्याचे दीड किलोचे पुस्तक पाठीवर कशाला हवे?

महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी तीर्थयात्रेचे माहात्म्य सांगतात, त्यात एक मार्मिक गोष्ट आहे. यज्ञाला पुष्कळ उपकरणे आणि नाना प्रकारचा संभार लागतो, म्हणून तो राजांनी आणि धनवंतांनी करावा. तीर्थयात्रा मात्र दरिद्री मनुष्यासही साधते, आणि तिचे पुण्य यज्ञाहून अधिक आहे, असे ते सांगतात. संभाराविना साधते म्हणून जी श्रेष्ठ ठरली, तिच्यासाठी मी सतरा किलोंचा संभार जमविला होता!

येथे मनात खरा प्रश्न उभा राहिला. गीतेच्या नवव्या अध्यायाच्या बाविसाव्या श्लोकात भगवंतांनी अनन्य भक्तांचा योगक्षेम आपणाकडे घेतला आहे. आचार्यांनी योग आणि क्षेम ह्यांचा अर्थ स्पष्ट केला आहे: जे मिळालेले नाही ते मिळविणे हा योग, जे मिळालेले आहे ते राखणे हा क्षेम. प्रवासाचे गाठोडे ह्याहून निराळे काय असते? अर्धे गाठोडे योगाचे, अर्धे क्षेमाचे. आणि भगवंतांनी तेथे जो धातू योजिला आहे तो 'वह्' आहे. ओझे वाहून नेणे हाच त्याचा अर्थ. मी आजवर जेथे जेथे ह्या श्लोकाचे भाषांतर केले तेथे तेथे 'चालवितो' असे लिहीत आलो, कारण मराठीत ते अधिक सहज वाटते. पिशवी पाठीवर घेऊन गल्लीच्या टोकाशी बसलो असता प्रथमच ध्यानात आले की, मूळ शब्दात खांद्यावरचा भार आहे, आणि तो भार माझ्या भाषांतरात गळून पडला होता.

तर मग देव ओझे वाहतो म्हणत असताना मी ओझे बांधावे काय? पिशवी भरणे हा अविश्वास नव्हे काय? दुसऱ्या अध्यायात तर अर्जुनाला योगक्षेमाची चिंताच सोडून दे असे स्पष्ट सांगितले आहे. काहीही न घेता निघणे हीच खरी श्रद्धा, असे मला वाटू लागले. आणि कबूल केले पाहिजे की, त्या विचाराने मला मोठे समाधान झाले. आपण सामान्य लोकांपेक्षा वरच्या पायरीवर आहो असे वाटण्याचे समाधान.

ते समाधान घरातच मोडले. माझी पत्नी त्या वेळी माझ्या आईच्या अंथरुणाशी बसली होती. आईचे वय ऐंशीच्या पुढे. रात्री दोन वेळा तिला उठवून बसवावे लागते. मी माझा नवा विचार मोठ्या उत्साहाने सांगितला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "अहो, तुमच्या पिशवीची यादी झाली, आता ती कोरीही झाली. पण घरची यादी कोणी करायची? आईंना रात्री उठवायचे ते मी एकटीनेच ना?"

मला उत्तर सुचले नाही. माझे गाठोडे हलके झाले होते ते ओझे नाहीसे होऊन नव्हे, ते दुसऱ्याच्या खांद्यावर गेल्यामुळे.

त्या रात्री वनपर्व पुन्हा काढले. युधिष्ठिर तीर्थयात्रेस निघतो तेव्हा लोमश ऋषी त्याला प्रथम हेच सांगतात की, राजा, हलका हो. हलका असलास तर सुखाने हिंडशील. हा उपदेश मला पूर्वीपासून ठाऊक होता. परंतु त्यानंतर युधिष्ठिर काय करतो हे मी लक्षपूर्वक वाचले नव्हते. तो वस्तू टाकीत बसत नाही. आपल्यावर अवलंबून असलेली माणसे तो पुढे बोलावतो. ज्यांना भूक, तहान, थंडी आणि वाटेचे श्रम सोसणार नाहीत, ज्यांना मिष्टान्नाची सवय आहे, त्यांनी परत जावे असे सांगतो. राजभक्तीने मागे आलेल्या नागरिकांनी धृतराष्ट्राकडे जावे, तो त्यांची वृत्ती देईल. त्याने न दिल्यास पांचालराज देईल, असे तो म्हणतो. म्हणजे मागे राहणाऱ्यांची एक व्यवस्था, आणि ती फसल्यास दुसरी. ही झाल्यावर युधिष्ठिर हलका झाला. पुढे मार्गशीर्ष सरल्यावर तो निघाला तेव्हाही त्याच्याबरोबर सेवक, आचारी आणि रथ होतेच. ह्यावरून उघड आहे की, लोमशांचा हलकेपणा वस्तूंच्या संख्येने मोजावयाचा नाही.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी यात्रेच्या आरंभी उपवास, गणेशपूजन, पितरांचे श्राद्ध असा जो विधी सांगितला आहे, त्याचे मर्मही मला हेच दिसते. निघण्यापूर्वी मनुष्याने आपण कोणाचे काय लागतो ह्याचा हिशेब पाहावा. माझ्या हिशेबात दोन बाकी निघाल्या. एक आईच्या रात्रीची. दुसरी, एका ग्रंथाच्या भाषांतरापोटी आगाऊ रक्कम घेऊन मी काम अर्धवट ठेवले होते, ती. कार्तिकात निघण्याचा बेत मोडला. भाषांतराची उरलेली पाने पुरी केली. धाकट्या भावाला पत्र लिहिले. तो सहा आठवड्यांसाठी येऊन राहिला. ह्या दिवसांत रोज पहाटे पिशवी पाठीवर घेऊन चालण्याचा अभ्यासही केला: प्रथम तीन किलोमीटर, मग सहा, मग बारा. नवी पादत्राणे ह्याच काळात पायांना सरावली. पौषात मी ओंकारेश्वरी पोचलो तेव्हा माझ्या पिशवीचे वजन सात किलो होते.

परंतु एवढ्याने माझे शिक्षण पुरे झाले नव्हते. वाटेत मी दुसऱ्या बाजूने चुकलो.

दहाव्या दिवशी बडवानीच्या पुढे एका आश्रमात मुक्काम होता. सायंकाळी भजन झाले, मन भरून आले, आणि त्या भरात मी माझ्याजवळचे पीठ, डाळ, गूळ आणि बरोबरच्या पैशांपैकी बहुतेक सर्व तेथे अर्पण केले. उद्यापासून मातेच्या भरवशावर चालावयाचे असे ठरविले. देताना आजूबाजूची माणसे पाहत होती, हेही येथे लिहिले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी वाट सातपुड्याच्या पायथ्याशी चढू लागली. संध्याकाळ झाली तरी आश्रम लागेना. अखेर एका झोपडीपुढे थांबलो. एक वृद्ध स्त्री, तिची सून आणि दोन मुले. 'नर्मदे हर' म्हणताच त्यांनी मला आदराने बसविले, हातपाय धुण्यास पाणी दिले, आणि मक्याच्या दोन जाड भाकरी व मिरचीची चटणी पुढे ठेवली. मी पोटभर जेवलो. रात्री ओसरीवर पडलो असता आतून धाकट्या मुलाचा आवाज आला. तो आणखी मागत होता, आणि त्याला थोपटून उगी केले गेले. दोन भाकरी कोठून आल्या होत्या ते मला तेव्हा कळले.

सकाळी त्या वृद्धेने बोलता बोलता सांगितले की, त्यांचे जुने शेत आता धरणाच्या पाण्याखाली आहे. नर्मदेवरील सरदार सरोवर २०१७ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. त्याच्या जलाशयाच्या काठी अशी अनेक घरे आहेत, जी एकदा उचलून वर आणावी लागली. मी घरी तीन आठवडे पिशवीत काय घ्यावे ह्याचा खल करीत होतो. ह्या माणसांनी सारा संसार बांधला होता, आणि त्यांना जेथून निघाले तेथे परत जावयाचे नव्हते. माझ्याजवळ त्यांना देण्यासारखे काहीही उरले नव्हते. हात जोडले आणि निघालो.

शूलपाणीच्या झाडीविषयी पुष्कळ वाचकांनी ऐकले असेल. पूर्वी त्या अरण्यात परिक्रमा करणाऱ्याजवळचे सर्वस्व भिल्ल काढून घेत, आणि यात्रेकरू ती मातेनेच घेतलेली परीक्षा मानीत. भिल्लांना 'मामा' म्हणण्याची रीत आजही आहे. शूलपाणेश्वराचे जुने स्थान आता जलाशयाखाली गेले आहे, वाटाही बदलल्या आहेत. माझ्याकडून कोणी काही घेतले नाही. परंतु त्या रात्री कोणी कोणाला लुटले, ह्याचा हिशेब मी पुढे कित्येक दिवस करीत होतो.

पुलस्त्यांनी तीर्थाचे फळ कोणाला मिळते ते सांगताना, हात, पाय व मन ज्याच्या ताब्यात आहेत असा, आणि जो प्रतिग्रहापासून परावृत्त झाला आहे असा, मनुष्य वर्णिला आहे. माझ्याजवळचे देऊन टाकल्याने मी दाता झालो असे मला वाटले होते. वस्तुतः दुसऱ्याच दिवशी मी प्रतिग्रह घेणारा झालो, आणि तोही ज्यांच्या घरी दुसरी भाकरी नव्हती त्यांच्याकडून. सदावर्ताची गोष्ट निराळी. तेथे देणाऱ्याने आपली शक्ती पाहून संकल्प केलेला असतो. परंतु अतिथीला विन्मुख पाठवू नये हा ज्यांचा धर्म आहे, त्यांच्या दाराशी हेतुपुरस्सर रिकामे जाऊन उभे राहणे म्हणजे त्यांच्या धर्मावर आपली श्रद्धा पोसणे होय.

मग नवव्या अध्यायातील त्या आश्वासनाचे काय? उरलेल्या वाटेत मी भाष्य मनातल्या मनात पुन्हा पुन्हा घोळवीत होतो. आचार्यांनी तेथे स्वतःच शंका काढली आहे: भगवान इतर भक्तांचाही योगक्षेम वाहतोच, मग अनन्य भक्तांचे वैशिष्ट्य काय? त्यांचे उत्तर असे की, इतर भक्त 'आत्मार्थ', म्हणजे स्वतःकरिता, योगक्षेमाची खटपट करीत असतात. अनन्य भक्त ती आत्मार्थ करीत नाहीत. आचार्यांचा रोख तेथे अद्वैतदर्शी ज्ञान्यांकडे आहे, आणि माझ्यासारख्या गृहस्थाने ती स्थिती आपलीशी म्हणणे उद्धटपणाचे होईल. परंतु त्या एका शब्दाने माझ्या लहानशा प्रश्नाचे उत्तर दिले. योगक्षेमाची खटपट सोडा असे तेथे सरसकट म्हटलेले नाही. ती स्वतःकरिता करणे सोडा, असे म्हटले आहे. मग दुसऱ्यांकरिता केलेली खटपट श्रद्धेच्या आड का यावी?

तेव्हापासून वस्तू हाती घेतली की मी एवढेच विचारतो: ही कोणाकरिता? औषधाची पुडी घेतो, कारण मी वाटेत ज्वराने पडलो तर कोणा परक्या बाईला रात्र जागावी लागेल. कांबळे घेतो, कारण न घेतल्यास कोणी तरी आपले मला देईल आणि स्वतः कुडकुडेल. दोन दिवसांचा शिधा घेतो. माझ्या उपयोगी पडला तर ठीक, नाही तर ज्या घरी उतरेन तेथे ठेवता येतो. मोबाईल घेतो, पण संध्याकाळी एकदा आईची विचारपूस करण्यापुरता. चौथा सदरा, दुसरा पादत्राणांचा जोड, जाड पुस्तक ही घरी राहतात, कारण ती केवळ माझ्याकरिता होती. पायी चालणारे अनुभवी लोक सांगतात की, ओझे शरीराच्या वजनाच्या दशांशाच्या आसपास असावे. मी पाहिले आहे की, ह्या प्रश्नाने गाळून घेतले असता पिशवी आपोआप तेवढ्यावर येते.

कोणी म्हणेल, मन चतुर असते. ते चौथा सदराही दुसऱ्याकरिताच आहे असे पटवून देईल. त्याकरिता आणखी एक कसोटी सांगतो. ती वस्तू वाटेत कोणी मागितली तर हात न थरथरता देता येईल काय? देता येत असेल तर ती खुशाल न्यावी, तिचे ओझे पाठीलाच होईल. देता येत नसेल तर ती कितीही हलकी असो, ती घरीच ठेवलेली बरी.

पाठशाळेत असताना पाणिनीचे एक सूत्र घोकले होते, ते ह्या संदर्भात वारंवार आठवते. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या चौथ्या पादात एकाच सूत्राने चार शब्द सिद्ध होतात. वाटेवर जे हितकर ते पाथेय. अतिथीच्या ठायी जो चांगला तो आतिथेय. वसतीस जे योग्य ते वासतेय. आणि धनी मनुष्याच्या जे उपयोगी ते स्वापतेय, म्हणजे धन. चारही शब्दांना प्रत्यय एकच, अर्थही एकच: त्या त्या ठिकाणी जे चांगले. लहानपणी मला हे चार शब्द केवळ जवळजवळ बसविलेले वाटत. आता वाटते की, यात्रेस निघणाऱ्याने ते चारही एकत्रच वाचावेत. घर सांभाळले गेले नाही, यजमानावर भार पडला, तर पिशवीत कितीही पाथेय असो, ते वाटेवर हितकर ठरत नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा त्या झोपडीपाशी गेलो. चालत नव्हे, वाहनाने. ती वृद्धा नव्हती. सून होती. तिने मला ओळखले नाही, कारण तिच्या दाराशी असे पुष्कळ येतात. मी नेलेला शिधा तिच्या ओसरीवर ठेवला. तिने आधी बसावयास सांगितले आणि चूल पेटविली.

माझ्या भाषांतराची नवी आवृत्ती निघाली तेव्हा त्या श्लोकाखालचा 'चालवितो' हा शब्द काढून मी 'वाहतो' असे केले. वाचकांपैकी जे ह्या कार्तिकात प्रथमच पायी निघणार असतील, त्यांना एवढीच विनंती आहे की, पिशवी बांधण्यापूर्वी घरातील माणसांजवळ घटकाभर बसावे आणि आपल्या मागे कोणावर काय पडणार आहे ते विचारावे. पिशवी त्यानंतर बांधावी.